परक्या अंगणातल्या दूर्वा

न्यूयॉर्कजवळच्या पार्सिपनीतल्या त्या सप्टेंबरच्या सकाळी दवाला वास होता. कापलेल्या गवताचा, ओल्या मातीचा आणि नुकत्याच पिवळ्या पडू लागलेल्या मेपलच्या पानांचा मिळून झालेला. माझ्या लेकीच्या, मुक्ताच्या, घराच्या मागच्या दारात मी उभी होते आणि पाहता पाहता थक्क होत होते. तिची हिरवळ शेजाऱ्याच्या हिरवळीत, ती त्याच्या पलीकडच्या हिरवळीत, अशी कुठेही न अडखळता थेट टेकडीच्या पायथ्यापर्यंत वाहत गेली होती. ना भिंत, ना तार, ना मेंदीची एखादी फांदी. आणि तरी प्रत्येकाला आपली हद्द ठाऊक! उन्हाची तिरीप मात्र कुणाचंही अंगण न विचारता सगळीकडे सांडत होती.

माझं आयुष्य साताऱ्याच्या कोर्टात हद्दींवर भांडण्यात गेलं. पंचविशीतली मी म्हणजे काळा कोट, ताणून बांधलेली वेणी आणि स्वतःच्या हुशारीवर जडलेलं प्रेम. एकदा शेजाऱ्याच्या आंब्याची फांदी आमच्या अशिलाच्या जागेवर वाकली, एवढंच निमित्त, पण बाईसाहेब गरजल्या, "जमिनीची मालकी वर आकाशापर्यंत असते!" आणि बोट असं काही उंचावलं की न्यायाधीशांनीही मान वर केली. वर पंखा होता, तोही बंद. परक्या जमिनीत पाऊल पडलं की अतिक्रमण पूर्ण झालं, मग गवताची काडी मोडो न मोडो, हे वाक्य तर मी आरशासमोर उभं राहून घोटलं होतं. आज ती मुलगी भेटली, तर तिला चहा पाजीन आणि समोर बसून पोटभर हसेन.

त्या दिवशी गणेश चतुर्थी होती, आणि मुक्ताच्या हिरवळीत दूर्वा नव्हत्या. तण मारायच्या औषधानं त्या केव्हाच गेल्या होत्या. शेजारच्या मेपलखाली मात्र पसरल्या होत्या, दवानं वाकलेल्या, कोवळ्या, तीन-तीन पात्यांच्या. शेजारी वॉल्टर, एकटा राहणारा निवृत्त गृहस्थ. त्याच्या ओसरीवर झेंडा होता. सगळ्याच घरांवर होते. न्यूयॉर्कमधले जुळे मनोरे कोसळले, त्या भीषण सकाळला दुसऱ्या दिवशी वर्ष होणार होतं. मुक्तानं मला बजावलंच होतं, "आई, जरा सांभाळून हं. लोक आपल्याकडे बघून आधीच बिचकतात. हा वॉल्टर तर वर्षभरात हाय-हॅलोच्या पुढे गेलेला नाही. आम्हाला इथेच राहायचंय गं."

मला सगळं पटलं होतं. पण देवासाठी दूर्वा खुडताना विचारायचं असतं, हे आमच्या गल्लीत कुणाला सुचलंही नसतं. शाल गुंडाळून मी निघाले, ती अदृश्य रेघ ओलांडली आणि वाकून खुडू लागले.

"आजी! दॅट्स नॉट अवर यार्ड! यू आर ट्रेसपासिंग!" मागच्या दारातून माझी नात ईशा ओरडली. ज्या शब्दावर मी जन्मभर पोट भरलं, तो दहा वर्षांच्या पोरीनं माझ्या पाठीत मारला.

मान वर केली, तर वॉल्टर पायरीवर उभा. हातात कॉफीचा मग. पलीकडे खिडकीत मुक्ता, तोंडावर हात ठेवलेली.

"लूज समथिंग, मॅम?"

माझ्या तोंडून 'मिलॉर्ड' निसटता निसटता राहिलं. मूठ पुढे करून म्हटलं, "नो सर. आय ॲम टेकिंग. फॉर गॉड."

त्यानं माझ्या मुठीकडे पाहिलं. हातातला मग पायरीवर ठेवला, जवळ येऊन कण्हत गुडघ्यावर बसला आणि एक काडी उपटली. "धिस? आय'व्ह बीन फायटिंग धिस ऑल समर." मी तिची तीन पाती त्याला दाखवली. त्यानं ती उजेडात धरली. इतक्या बारकाईनं, की मीही जणू पहिल्यांदाच दूर्वा पाहिली. "वेल," तो हसला, "टेल हिम ही कॅन हॅव इट ऑल."

एवढ्या एका वाक्यानं माझा अपराध विरघळला. तेच पाऊल, तीच माती, तीच काडी. पण मालक 'घ्या' म्हणाला आणि अतिक्रमण उरलंच नाही. कायद्याच्या पुस्तकात याला अनुमती म्हणतात. आरशासमोरच्या त्या विदुषीनं ती अपवाद म्हणून पाठ केली होती, नियमाच्या शेपटीला.

दुपारी मुक्ता मोदकांचं ताट घेऊन गेली आणि तासाभरानं परतली. तासभर काय बोललात, हे मी विचारलं नाही. तिच्या चेहऱ्यावरून ताण उतरला होता, तेवढं पुरलं.

शनिवारी वॉल्टरनं गवत कापलं, नेहमीसारखं, पट्टी लावून आखल्यासारखं. फक्त आमच्या बाजूला, हद्दीच्या कडेनं, वीतभर रुंदीचा दूर्वांचा पट्टा त्यानं तसाच सोडला. ज्या रेषेला कधी भिंत नव्हती, ती आता वाऱ्यावर हलत होती.

संध्याकाळी टेकडीवरून हरणं उतरली, कुणाकुणाच्या हिरवळी तुडवत, निवांत. त्यातली एक हरणी नेमकी त्या पट्ट्याशी थांबली आणि मान खाली घालून चरू लागली. मी आमच्या बाजूला, दोन बोटं अलीकडे, श्वास रोखून उभी. मला थोड्या दूर्वा हव्या होत्या. पण आता विचारायचं कुणाला, हे माझ्या सगळ्या वकिलीला सांगता येईना. म्हणून तिचं खाऊन होईपर्यंत मी तशीच थांबून राहिले.