श्रेयनामावलीतली अनोळखी बाई

माझ्या सुनेवर मी काही महिने संशय घेत होतो, ही गोष्ट घरात तिच्याखेरीज कुणालाच ठाऊक नाही. लिहिण्याची सवय मला निवृत्तीनंतर लागली आणि ती अजून हाताला नीट बसलेली नाही. सांगण्यात काही राहून गेले तर वाचकांनी सांभाळून घ्यावे.

सून चित्रकार आहे. मनीषनगरातल्या आमच्या घराच्या मागच्या खोलीत बसून ती एका विज्ञानकथेच्या कॉमिक्ससाठी चित्रे काढते. नवा अंक छापून आला की ती त्याची एक प्रत बैठकीतल्या टेबलावर ठेवी. मी संस्कृत शिकवण्यात आयुष्य घालवलेला माणूस. ते मुलांचे वाचन समजून मी त्याला कधी हात लावला नव्हता. पुढे त्या कॉमिक्सवर दूरचित्रवाणीची मालिका निघाली, तेव्हा मात्र मला अभिमान वाटला, आणि स्वभावाविरुद्ध जाऊन मी तो सकाळी फिरायला येणाऱ्या मित्रांजवळ बोलून दाखवला.

पहिला भाग दाखवला गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी, काटोलकडे संत्र्याची बाग असलेल्या एका मित्राने मला मैदानात गाठले.

“काय गा सर, सूनबाईचं नाव कुठी होतं? आमी सारे चष्मे लावून पाहून राहिलो होतो. तिथं तं दुसऱ्याच बाईचं नाव आलं.”

अक्षरे भराभर सरकतात, नजर चुकली असेल, असे मी म्हणालो. घरादाराची नजर एकदमच कशी चुकली, असे विचारून ते हसले आणि पुढे निघून गेले.

खरे म्हणजे ते नाव मीही वाचले होते. ‘मूळ चित्रे’ या शब्दांखाली एका बाईचे नुसते पहिले नाव होते, आडनाव नव्हते. शेजारी बसलेल्या माझ्या मुलाने त्याच क्षणी टाळ्या वाजवल्या होत्या आणि सुनेकडे पाहिले होते. त्या पाहण्याचा अर्थ मी आता लावू लागलो. चित्रे सुनेची नसतीलच, तर तोही यात सामील होता, की त्यालाही फसवले गेले होते?

त्या आठवड्यात मी सगळे अंक कपाटातून काढले. चौकटी कोणत्या क्रमाने वाचायच्या हेच मला प्रथम उमगेना; उत्तर आधी आणि प्रश्न नंतर, असे पुष्कळदा झाले. कथा एका तांबड्या ग्रहावरच्या वस्तीची होती. तिथे काही माणसे खरी, काही यंत्राने घडवलेल्या हुबेहूब नकला, आणि कोण कोणता हे शेजाऱ्यालाही ओळखता येत नाही. प्रत्येक अंकाच्या पहिल्या पानावर त्याच बाईचे नाव होते. ग्रहाच्या जमिनीवर लांबच लांब वळणदार चऱ्या काढलेल्या होत्या. भिवापूरला, सुनेच्या माहेरी, वाळत घातलेल्या मिरच्यांतून बाया पाय ओढत चालतात तेव्हा अशाच रेघा उठतात, हे मी सोयरिकीच्या वेळी पाहिले होते. यावरून मी काय ठरवावे? सुनेने आपल्या गावची गोष्ट त्या बाईला सांगितली असावी आणि तिने ती चितारली असावी, असे मी ठरवले.

मग सगळेच खटकू लागले. शनिवारी ती कॉमिक्सच्या ऑफिसला म्हणून कुठे जाते? मी खोलीत डोकावताच पडद्यावरचे चित्र का मिटवते? फोन घेऊन गच्चीवर का चढते? मुलाला विचारणे म्हणजे त्याच्या बायकोबद्दलचा संशय त्याच्याच कानावर घालणे. पत्नीकडे आडून विषय काढला, तर सुनेचं काम इतकी वर्षं पाहिलं नाही, आता नाव कशाला पाहता, असे म्हणून ती देवपूजेला बसली. त्या अनोळखी बाईविषयी मात्र मला खरोखरच वाईट वाटू लागले. काम तिचे, आणि कौतुक आमच्या घरात!

अखेर एका दुपारी, घरात मी आणि सून असे दोघेच असताना, चहाच्या वेळी मी मनाशी घोळवून ठेवलेले वाक्य बोललो.

“ज्या बाईचं काम असेल, तिचं श्रेय तिला मिळायला हवं, असं मला वाटतं.”

“कोणत्या बाईचं?”

मी ते नाव उच्चारले. सुनेने कप खाली ठेवला आणि ती माझ्याकडे पाहत राहिली.

“मिळालं नं तिला, बाबा. पहिल्या पानापासून मिळालं.”

ते तिचेच नाव होते. जन्माचे. लग्नात आमच्या घरच्या रीतीप्रमाणे आम्ही ते बदलले. नवे नाव मीच काव्यातून निवडून दिले होते आणि मुलाने ते ताटातल्या तांदळात अंगठीने लिहिले होते. माहेरी सगळे तिला लाडाच्या नावाने हाक मारतात. त्यामुळे ते मूळ नाव माझ्या डोळ्यांसमोर आले ते केवळ लग्नपत्रिकेत, आणि त्या पत्रिकेचे मुद्रित मीच तपासले होते. महाविद्यालयात असल्यापासून ती चित्रांखाली तेच लिहीत आली होती.

तू दुसऱ्या कुणाचे काम आपले म्हणून सांगतेस असे मला वाटले, हे मी सांगून टाकले.

“म्हणजे इतके दिवस तुम्हाले मी चोर वाटून राहिली होती?” एरवी माझ्याशी जपून बोलणारी ती माहेरच्या बोलीत म्हणाली.

मी हो म्हणालो. त्याहून सौम्य शब्द मला सुचला नाही.

ती दोन्ही कप घेऊन ओट्यापाशी गेली आणि पाठमोरी उभी राहून ते विसळू लागली. यापुढे तुला कोणत्या नावाने हाक मारू, असे मी थोड्या वेळाने विचारले.

“तुम्ही मला नावानं हाक मारताच कुठे?”

ते खरे होते. मी ‘अगं’ म्हणतो, ‘ऐकलंस का’ म्हणतो, किंवा नुसता खाकरतो. इतक्या हौसेने निवडलेले नावही मी कधी तोंडी आणलेले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या खोलीच्या लोटलेल्या दाराशी जाऊन उभा राहिलो. मी तिचे नाव घेतले, जन्माचे. आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला. ती रागावली आहे की गोंधळली आहे, याचा अंदाज मी घेत राहिलो.

“दार उघडंच आहे,” ती आतून म्हणाली.