टोकाकडून टाकलेली पाईपलाईन

"मॅडम, खड्डा मारलाय का नाही, एवढंच सांगा."

साताऱ्याहून आमच्या कार्यकारी अभियंत्यांचा फोन होता. मी दहिवडीच्या ऑफिसात नुकताच डबा उघडला होता.

"सर, एक-दोन दिवसांत सुरू करतोय."

"करतोय आणि केलंय, यात फरक असतो. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत साइटचा फोटो अपलोड झाला नाही, तर तुमची योजना यादीतून गेली म्हणून समजा. मग मला फोन करू नका."

त्या दिवशी बुधवार होता. मी डबा बंद केला.

मी ग्रामीण पाणीपुरवठ्याची उपअभियंता. माहेर सांगलीचं, कृष्णाकाठचं. आमच्याकडे पावसाळ्यात पाणी घरात शिरू नये म्हणून लोक देव पाण्यात घालून बसतात. पोस्टिंग मिळालं ते माण तालुक्यात, जिथं पाणी घरापर्यंत यावं म्हणून लोक तेच करतात. सासूबाई म्हणतात, तुझ्या कुंडलीत पाणीच आहे. असेल.

आता हा फोटोचा काय प्रकार, ते सांगते. गावच्या नळयोजनेचा अर्धा पैसा दिल्लीहून येतो, अर्धा मुंबईहून. दोघं एकमेकांकडं बघत बसतात. दिल्ली म्हणते, आधीचा हप्ता कामावर लागलेला दाखवा. मुंबई म्हणते, दिल्लीचा हप्ता येऊ दे, मग आमचा. मधल्यामध्ये ठेकेदार माझ्याकडं बघतो. त्यात निवडणूक झाली, सरकार बदललं, खात्याला नवे मंत्री आले. नवं सरकार आलं की आधीच्यांच्या कामांना स्थगिती द्यायची, ही आपल्याकडची जुनी रीत. यावेळी दिल्लीनंही भर घातली. जिथं जागेवर काम सुरूच नाही, त्या योजना बंद करा आणि राहिलेला पैसा परत पाठवा. काम सुरू असल्याचा पुरावा एकच, जिओटॅग फोटो. या फोटोवर जागेचे अक्षांश-रेखांश आणि वेळ आपोआप उमटते. त्यामुळे एका गावचा खड्डा दुसऱ्या गावाच्या नावावर खपत नाही.

गावाचं नाव मी सांगत नाही. तिथं दोन्ही गट अजून नांदतात आणि मला अजून तिकडं जावं लागतं. तर या गावाची वर्क ऑर्डर, म्हणजे ठेकेदाराला काम सुरू करण्याचा आदेश, निवडणुकीआधीच निघाली होती. पाईपही येऊन पडले होते. ठेकेदार पाईप नेहमी लवकर आणतो, कारण पाईप जागेवर पडले की त्याचं बिल निघतं. शाळेमागं पाईपांची थप्पी होती आणि तिच्या सावलीला शेरडं रवंथ करत बसायची. सगळं तयार होतं. अडलं होतं नारळापाशी.

गावात कुठलंही सरकारी काम भूमिपूजनाशिवाय सुरू होत नाही. आणि पाणीयोजनेचं भूमिपूजन व्हायचं ते टाकीच्या जागेवर, कारण टाकी लांबून दिसते. ही योजना मंजूर करून आणली होती माजी सरपंच तानाजीआप्पांनी, त्यांच्या पक्षाच्या नेत्यांच्या मागं लागून लागून. पण आता सरकार दुसऱ्यांचं. आत्ताचे सरपंच संपतराव त्या दुसऱ्यांतले. आप्पा म्हणत, योजना आमच्या साहेबांनी आणली, नारळ तेच फोडणार. संपतराव म्हणत, सत्ता आमची, नारळ आमचे साहेब फोडणार. ठेकेदार अमोल विट्याचा. तो दोघांनाही "हो आप्पा, हो सरपंच" म्हणून मशीन घेऊन दुसऱ्या गावाला गेला होता.

मी त्याला फोन लावला.

"मॅडम, मला दोघांच्यातबी राहायचंय," तो म्हणाला. "मी कुणाच्या नारळाआधी फावडं लावणार न्हाई. तुमी म्हणाल तर इथल्या खड्ड्याचा फोटो काढून पाठवतो. खड्डा तो खड्डाच."

"आणि अक्षांश-रेखांश?"

"आयला, ते हाय व्हय."

दुपारी मी जीप काढून गावात गेले. ग्रामपंचायतीत दोन्ही गट बोलावले. शुक्रवारची अट सांगितली. योजना गेली तर पुन्हा कधी मिळेल ते कुणालाच सांगता येणार नाही, हेही सांगितलं. मग आप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"माझं सोडा. त्यांच्या साहेबाला फोडू द्या नारळ. काम हुंदे."

मला वाटलं, सुटलो. पण संपतरावांचा चेहरा उतरला.

"साहेब मुंबईला हायत, अधिवेशनाला. पुढच्या आठवड्याबिगर येत न्हाईत."

"मग तुम्हीच फोडा."

"आवं मॅडम, मी नवा माणूस त्या पक्षात. साहेबाला सोडून टाकीला हात लावला तर माझं काय ऱ्हाईल?"

त्यांचंही खोटं नव्हतं. मी तिथूनच साहेबांच्या पीएला फोन लावला. त्यानं पुढच्या आठवड्यातली तारीख दिली आणि फोन ठेवला. बैठक चहा पिऊन उठली. मी वैतागले होते. एका नारळापायी अख्ख्या गावाचं पाणी जाणार आणि त्यात धड दोषी असा कुणीच नाही. आप्पांनी तर मान सोडलाही होता.

दारात एक उंच गृहस्थ उभे होते. यशवंत हवालदार, सैन्यातून निवृत्त होऊन गावी आलेले. ते राहायचे बौद्धवस्तीत, ओढ्याच्या कडेला, गावाच्या अगदी खालच्या टोकाला.

"मॅडम, घरी चला. पाणी तरी प्या," ते म्हणाले.

घरी त्यांच्या पत्नी सुमनताईंनी तांब्या-भांडं पुढं केलं. मी घटघट प्यायले. मग त्या म्हणाल्या, "हे पानी ओढ्यापलीकडनं आणल्यालं हाय. डोईवरनं."

मी भांडं जपून खाली ठेवलं.

सुमनताईंनी संसार केला तो आर्मी क्वार्टरमध्ये. कुठंही बदली झाली तरी घरात नळ असायचा. गावी घर बांधताना हवालदारांनी स्वयंपाकघरात, मोरीत, अंगणात, सगळीकडं तोट्या बसवून घेतल्या होत्या. त्यातून थेंबही आला नव्हता. तोट्यांवर धूळ बसायची आणि सुमनताई ती रोज पुसायच्या.

"ह्यास्नी सांगून ठेवलंय," त्या म्हणाल्या. "माझं गुडघं गेलं. ही योजना झाली न्हाई तर मी लेकीकडं पिंपरीला जाणार. ह्यांनी ऱ्हावं हितं, गावाचा अभिमान घिऊन."

हवालदार हसले, पण कसनुसे. त्यांना गाव सोडायचं नव्हतं आणि बायकोला थांब म्हणायला तोंडही नव्हतं. याआधी गावात दोनदा नळयोजना झाली होती आणि दोन्ही वेळा पाईप वस्तीच्या अलीकडं संपला होता. यात नेहमीच कुणाचा डाव असतो असं नाही. काम टाकीपासून सुरू होतं आणि खाली सरकतं. सरकता सरकता दर वाढतात, पैसा आटतो, ठेकेदार कंटाळतो. मग टोकाच्या वस्तीला सांगायचं, तुमचं पुढच्या टप्प्यात. आता कुणाची वस्ती टोकाला वसवली गेली, हे मी सांगायची गरज नाही.

मी सहज विचारलं, "दादा, हे घर बांधताना नारळ कुणाच्या हातचा फोडला?"

"आमच्यात नारळ फोडत न्हाईत मॅडम. बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या फोटोम्होरं मेणबत्ती लावली, वंदना म्हणली, लागलो कामाला."

म्हणजे इथं नारळ आडवा येत नव्हता, हे माझ्या ध्यानात आलं. मी उठून अंगणात गेले आणि साहेबांच्या पीएला पुन्हा फोन लावला.

"टाकीचं पुढच्या आठवड्यात बघू. पण खालच्या वस्तीत पाईपलाईनची चर खोदायची आहे. त्याला साहेबांना बोलवायला लागेल का?"

"वस्तीत? चरीला? छे हो मॅडम, चरीला कोण बोलवतं! टाकीला बोलवा."

दुसरा फोन साताऱ्याला.

"सर, टोकाकडून सुरुवात केली तर?"

"काम वरून खाली जातं मॅडम. खालून वर नाही."

"सर, नियमात तसं कुठं आहे?"

पलीकडं कागद चाळल्याचा आवाज आला. ते नियम शोधत असावेत.

"पाईपची लेव्हल चुकली तर मी तुम्हाला ओळखत नाही," ते म्हणाले आणि फोन ठेवला. आमच्या खात्यात याला परवानगी म्हणतात.

राहिली मशीन. टाकीला हात लागणार नाही म्हटल्यावर अमोल यायला तयार झाला, पण त्याची मशीन दुसऱ्या गावात अडकलेली. संध्याकाळी मी संपतरावांना त्यांच्या घरी गाठलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि भिंतीकडं बघत म्हणाले, "मला यातलं काय म्हाईत न्हाई. माझ्या भावाची जेसीबी उद्या रिकामी हाय, एवढंच सांगतो."

गुरुवारी सकाळी जेसीबी वस्तीत आली. हवालदारांच्या घरात मेणबत्ती लागली, वंदना झाली. मी लेव्हल घेतली, म्हणजे चरीचा उतार बरोबर ठरवून पांढऱ्या फक्कीनं रेघ मारली. आणि बकेट जमिनीला लागणार तेवढ्यात गावातले चार-सहा जण मोटारसायकलीवरून आले.

"हितनं सुरुवात? मग गावानं काय शेवटाला प्यायचं?"

हवालदार दोन पावलं पुढं आले. इथं एक शब्द इकडचा तिकडं झाला असता, तर नारळाचं भांडण परवडलं असं म्हणायची वेळ आली असती.

तेवढ्यात मागून आप्पा आले. काठी टेकत, धापा टाकत.

"काय रं, योजना कुणी आणली?"

"तुमी, आप्पा."

"मग मी सांगतो. टोकाकडनं का हुईना, सुरू हुंदे. पाईप काय वाटंत झोपणार हाय का? येतोय गावात. आनि दोन डाव ही माणसं शेवटाला ऱ्हायली, तवा तुमी कुणी इचारलंत का?"

त्यातला एकजण गाडीवरून उतरला आणि चरीतले दगड बाजूला काढू लागला. मग दुसराही उतरला. आप्पा दिवसभर हवालदारांच्या ओट्यावर बसून राहिले. तिथंच सुमनताईंच्या हातचं जेवले, पाणी प्याले. त्या ओट्यावर आप्पा जेवायला बसलेले वस्तीनं याआधी कधी पाहिले नव्हते, हे मला नंतर सुमनताईंनी सांगितलं.

वस्तीत रेंज नव्हती. फोटो काढून मी शाळेच्या गच्चीवर चढले तेव्हा कुठं तो अपलोड झाला. शुक्रवार उजाडायच्या आत.

योजना यादीत राहिली. माझ्याच तालुक्यातल्या दोन योजना त्या आठवड्यात गेल्या, आणि तिथंही लोक तेवढेच तहानलेले होते. ते मी विसरत नाही. पुढच्या आढावा बैठकीत सचिवांनी आमचा फोटो पडद्यावर लावून विचारलं, टोकाकडून सुरुवात का? आमचे साताऱ्याचे साहेब उठून म्हणाले, "सर, शेवटचं घर आधी, हे आमच्या विभागाचं धोरण आहे." सचिव खूश झाले. धोरण त्या क्षणी जन्मलं होतं. पण साहेबांनी पाठीशी घातलं नसतं तर माझ्यावर खुलासा द्यायची पाळी आली असती, तेव्हा श्रेय त्यांना लखलाभ.

पाईप खालून वर सरकत गावात पोचला. आणि मग व्हायचं तेच झालं. दिल्लीचा पुढचा हप्ता लांबला, त्याबरोबर टाकीच्या नारळाची तारीखही लांबली आणि टाकी कागदावरच राहिली. पाईप मात्र जमिनीत होते आणि योजनेच्या विहिरीला शेजारच्या कालव्यामुळं पाणी होतं. टाकी होईपर्यंत विहिरीवरून थेट पंपिंग करायचं ठरलं. थेट पंपिंगला दाब कमी असतो, त्यामुळे पाणी आधी सखल भागात जातं. गावात सगळ्यांत सखल जागा बौद्धवस्तीची.

ज्या दिवशी पंप सुरू केला, त्या दिवशी मी हवालदारांच्या अंगणात उभी होते. आधी तोटीनं नुसती हवा सोडली. मग ती खाकरली, थुंकली, तांबडं पाणी आलं आणि हळूहळू स्वच्छ धार लागली. सुमनताईंनी हात पुढं केला आणि तसाच धरून ठेवला. हवालदार त्यांच्याकडं बघत होते.

"काय बघताय?" त्या म्हणाल्या. "पिंपरीला फोन लावा. म्हणावं, आई न्हाई येत. तूच ये माह्याराला."

मी रडले. डोळ्यांत कचरा गेला वगैरे सांगत नाही. सरळ रडले.

नोकरीत माणूस कागदांवर सह्या करून करून कोरडा होतो. त्या दोन दिवसांनी मला ओलं ठेवलं. आप्पांनी मान सोडला. संपतरावांनी काही माहीत नसल्याचं सोंग घेऊन मशीन पाठवली. साताऱ्याच्या साहेबांनी परवानगी न देता परवानगी दिली. आणि वस्तीनं, दोनदा फसवलेल्या वस्तीनं, तिसऱ्यांदा माझ्या फक्कीच्या रेघेवर विश्वास ठेवला. या सगळ्यांची मी ऋणी आहे, आणि हे त्यांना तोंडावर सांगायला मला कधी जमलं नाही म्हणून इथं लिहिते.

टाकीही झाली पुढं. वरच्या आळीला पाणी चढेना म्हटल्यावर दोन्ही गट एक झाले आणि एकाच जीपमधून मुंबईला जाऊन आले. भूमिपूजन झालं, लोकार्पण झालं. दोन्ही साहेब आले आणि दोघांनीही नारळ फोडला.

तेव्हापासून माझ्याकडच्या प्रत्येक योजनेत मी पाईप टोकाच्या घराकडून टाकायला घेते. नवे कनिष्ठ अभियंते विचारतात, मॅडम, आणि टाकी राहिली तर? मी त्यांना सांगते, टाकीची काळजी करू नका. तिच्यावर नावं लिहायची असतात, ती कुणीतरी बांधून घेतंच.