रोहण्यातला आगगाडीचा धडा

रत्नागिरीकडच्या आमच्या गावात आगगाडी नव्हती. १९५०च्या दशकात वर्धा जिल्ह्यात, रोहण्याच्या शाळेत इंग्रजी शिकवायला निघालो, तेव्हा मी पहिल्यांदा गाडीत बसलो. मुंबईहून पुलगावपर्यंत मोठी गाडी आणि तिथून आर्वीकडे जाणारी छोटी.

एके दिवशी वर्गात आगगाडीचा धडा होता. रुळांवरचे डबे आधी घोडे ओढायचे, मग वाफेचं इंजिन आलं, आता मुंबईकडे विजेच्याही गाड्या धावतात, असं मी सांगत होतो. मुलं ‘हॉर्स’, ‘स्टीम’, ‘इंजिन’ असं माझ्यामागून म्हणत होती.

“गुरुजी, तुमच्या गावाले कोणती गाडी येते?” पुढं बसलेल्या एका मुलीनं विचारलं.

“एकही नाही. मुंबईहून बोटीनं जावं लागतं.”

सगळा वर्ग हसला. ती मात्र हसली नाही.

“मंग तुमची माय तुमाले भेटाले कशी येते?”

“तिला बोट लागते, उलट्या होतात. ती येत नाही,” मी म्हणालो आणि फळा पुसायला वळलो.

त्या रविवारी खोलीत मन लागेना, म्हणून पुलगावला गेलो. मुंबईची मेल आली. आपल्याकडची बोली कुठं कानावर पडते का, म्हणून मी एकेका खिडकीशी रेंगाळत फलाटाच्या टोकापर्यंत चालत गेलो. पडली नाही. गाडी सुटली आणि फलाट रिकामा झाला.

“कोनाले सोडाले आलते, मास्तर?” एका हमालानं विचारलं.

“कोणालाच नाही,” म्हणालो आणि आर्वीच्या गाडीत जाऊन बसलो. ती सुटायला अजून बराच वेळ होता.