धनुबाईचं गाठोडं

शहाद्याच्या बसस्टँडवर राहणाऱ्या धनुबाईच्या गाठोड्यात सात तोळे सोनं आहे, ही बातमी स्टँडजवळच्या आमच्या कॉलनीत पहिल्यांदा कुणी सोडली ते सांगणं बरं नव्हे. सोडणाऱ्याच्या घरी अजून चहा प्यायचा आहे. महिन्याभरात सातचे अकरा झाले. शेवटी भूपेश किराणावाल्याला राहवेना. त्यानं विचारलंच, "माय, गाठोडामा शे तरी काय?"

धनुबाईनं गाठ सोडली. आत दोन लुगड्यांत गुंडाळलेलं खापर. मांडे भाजायचं, पालथ्या मडक्यासारखं, काळंकुट्ट. भूपेश पिशव्या मोजायचं निमित्त करून दुकानात पळाला.

खरं तर ते खापर कॉलनीनं ओळखायला हवं होतं. वीस वर्षं इथल्या प्रत्येक लग्नात त्याच्यावरच मांडे झाले. धनुबाई दोन्ही हातांवर मांडा असा फिरवायची की कोपरापर्यंत पसरायचा, तरी फाटायचा नाही. मग मनगटं गेली, पाठोपाठ गुडघे, त्याआधी नवरा. म्हसावदची भाड्याची खोली मालकानं दुकानं काढायला पाडली. नणंदेकडे चार महिने झाले, भाच्याकडे दोन. भाचसून भांडली नाही, नुसती रोज विचारायची, "मामी, आता कुठे जाणार?" त्या विचारण्यानंच धनुबाई थकली. दीड वर्ष झालं, ती स्टँडवर खापर मांडीत धरून, बसल्या बसल्या झोपते. आडवं झालं तर कुणाची तरी लाथ लागते. तिला नाही, खापराला.

बेघरांसाठी काम करणाऱ्या चेतनाताईंनी कॉलनीमागच्या रिकाम्या गोदामात सहा खोल्या काढल्या होत्या. ज्याच्या त्याच्या खोलीला कडी, आठवड्याला नर्स, कागदपत्रांना मदत. एक खोली धनुबाईची ठरली होती. अडलं होतं कॉलनीच्या संमतीपत्रावर. धनुबाईचं मागणं एवढंच, आतून कडी लावायची आणि पाय लांब करायचे.

कॉलनीनं संमतीआधी कार्यक्रम ठेवला! बेघरांविषयी जनजागृती. बॅनर, माईक, सगळं. धनुबाईला चारला आणून पुढच्या खुर्चीत बसवलं. पाहुणे आले सहाला. कॉलनीचे अध्यक्ष हेमकांतभाऊ पाऊण तास बोलले, डोळेही पुसले. मग शाल, श्रीफळ आणि काच लावलेलं हे एवढं सन्मानपत्र. मांडी एकच; खापर ठेवावं की फ्रेम, धनुबाईला कळेना.

टाळ्या थांबायच्या आत चेतनाताईंनी संमतीपत्र पुढे केलं. हेमकांतभाऊंनी चष्मा काढून खिशात घातला.

"ताई, काम चांगलंच शे. पन आठे नको. लेकीबाळीसनी वस्ती शे."

"मंग कोठे?"

"दुसरीकडे देखा ना! गाव मोठं शे."

त्यांच्याच लेकीच्या लग्नात धनुबाई दोन दिवस विस्तवापुढून उठली नव्हती. आता मात्र उठली. गुडघे माईकवर ऐकू जातील असे वाजले. तिनं खापर काखेत मारलं आणि फ्रेम हेमकांतभाऊंच्या हातात दिली.

"काबर वं माय? आवडनी नही का?"

"आवडनी ना भाऊ. पन टांगू कोठे? तुन्हाच घर टांग. मन्ही भित व्हई, तवय फ्रेम लई जासू."