मतदान केंद्र तळमजल्यावर आलं तेव्हा

डोंबिवलीत आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर पालिकेची बालवाडी भरायची. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला एका निवडणुकीत मतदान केंद्र तिथे आलं. ते बाबांनीच आणलं, असं निदान आमच्या घरात तरी मानलं जायचं.

त्याआधी मत द्यायला ठाकुर्लीच्या बाजूच्या एका शाळेत जावं लागे. उन्हातून चांगली अर्ध्या तासाची चाल, वाटेत रेल्वेचा पूल. बाबा नुकतेच निवृत्त झाले होते. माणसं आळशी नसतात, केंद्र लांब असतं, असं त्यांचं ठाम म्हणणं. "जवळ आणून तर बघा, किती येतात ते," असं ते निवडणूक कचेरीत भेटेल त्या साहेबाला सांगत. किती खेटे घातले त्याला गणती नाही. केंद्र हलल्याचं कळलं त्या दिवशी ते पेढे घेऊनच घरी आले.

खरं तर त्यांच्या मनात पहिल्या मजल्यावरच्या बाई होत्या. बाईंना लहानपणी पोलिओ झालेला, कुबड्यांशिवाय चालता येत नसे. त्या घरीच शिकवण्या घ्यायच्या. मुलांना मतदानाचा हक्क समजावून सांगायच्या आणि स्वतः मात्र त्यांनी कधीच मत दिलेलं नव्हतं. पुलाचे जिने त्यांना जमण्यासारखे नव्हते.

मतदानाच्या दिवशी दार उघडायच्या आधीच बाबा इस्त्रीचा शर्ट घालून खाली उभे. त्यांच्या मागोमाग बाई. एकेक पायरी करत त्या उतरल्या. मी हात पुढे केला तर म्हणाल्या, "नको गं, माझी मी येते." आत जाऊन आल्या, बोटावरची शाई निरखून पाहिली आणि हसायलाच लागल्या. "अगं, एवढंच असतं होय?" मग कितीतरी वेळ त्या आवारातल्या बाकावर बसून राहिल्या. जणू घरी जायचं त्यांच्या मनातच नव्हतं.

माझंही ते पहिलंच मत. मी देऊन आले, आणि त्यानंतर आवार रिकामं झालं ते झालंच. दारावरचा पोलीस जांभया देत होता. दूध, भाजी घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला बाबा विचारत, "मत दिलंत का?"

"खालीच तर आहे काका, जाऊ की!"

सगळे मनापासून म्हणत होते. कुणी टाळत होतं असं नाही. वरून मटणाचा वास येत होता, कुणाकडे टीव्ही लागलेला होता. बाबा उगाचच गेटपर्यंत जाऊन परत येत.

दुपार कलली आणि खाडीकडून कोळणींचा घोळका आला. त्यांच्या वस्तीतल्या शाळेचं छप्पर दुरुस्तीला काढलेलं, म्हणून यंदा त्यांचंही केंद्र आमच्याकडे होतं. म्हणजे आमचं जवळ आलं आणि त्यांचं लांब गेलं. बाजार आटोपून, केसांत फुलं माळून त्या चालत आल्या होत्या. त्यांच्या बोलण्याने आवार भरून गेलं. बाबांना राहवेना. रांगेतल्या एकीला त्यांनी विचारलं, "मावशी, एवढ्या उन्हातून आलात? त्रास झाला असेल."

"तरास कसला? सगल्या निंगाल्या, मंग मी एकटी घरान काय करू?" आणि लगेच, "हिकरं बांगड्या चांगल्या कुठं भेटतान?"

मत देऊन त्या बांगड्या बघायला निघूनही गेल्या. बाबा त्यांच्या पाठमोऱ्या घोळक्याकडे बघत राहिले.

वेळ संपून दार बंद झालं, आणि तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ बनियनवरच धावत खाली आले. "डोळा लागला हो काका! आता नाहीच का?"

त्या दिवशी बाबा धड जेवले नाहीत. "माझं काय चुकलं ते कळत नाही," म्हणाले.

आई म्हणाली, "लांब होतं तेव्हा आपण कसे जायचो ते आठवा ना. आदल्या दिवशीच ठरायचं, सकाळी सगळ्यांनी खाली जमायचं. एकमेकांना हाका मारत निघायचो. आता कधीही जाता येतं, मग कशाला कोण ठरवतंय?"

"म्हणजे केंद्र लांबच बरं होतं?"

"असं कुठे म्हणतेय मी? बाईंना विचारून बघा."

बाबांना ते स्वस्थ बसू देईना. पुढचे काही दिवस ते घरोघरी जाऊन विचारत होते, मीही सोबत जायचे. मला वाटलेलं, ते लोकांना बोल लावतील. तसं नाही, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. कुणाकडे पाहुणे आलेले, कुणी दुपार टळायची वाट पाहत होतं. एका वहिनींनी तर सरळ सांगितलं, "मला वाटलं, तुम्ही हाक माराल." ते ऐकून बाबा जिन्यात थांबून हसले. बऱ्याच दिवसांनी हसले होते.

पुढच्या निवडणुकीला केंद्र तिथेच होतं. आदल्या संध्याकाळी आई दारोदार फिरली. "उद्या नऊला खाली या गं सगळ्या, मग आमच्याकडे चहा." नऊला बायका खरंच जमल्या, चांगल्या साड्या नेसून. एक मजला उतरायला एवढा थाट कशाला, असं एकजण म्हणाली, पण तीही पदर सारखा करत रांगेत उभी राहिली. चहाला आमच्या घरात बसायला जागा उरली नाही.

बाबा आनंदात होते, पण दुपारपर्यंत त्यांच्या कपाळावर पुन्हा आठी. बायका आल्या, त्यांचे नवरे मात्र अजून वरच होते. एकजण गॅलरीतून ओरडला, "येतो काका, खालीच तर आहे!"

"काय गं," बाबांनी मला विचारलं, "पुरुषांना कोण हाक मारणार?"

मी म्हटलं, "तुम्हीच."

त्यांनी क्षणभर विचार केला, मग पायात चपला सरकवल्या आणि सगळ्यात वरच्या मजल्याकडे निघाले.