रांजणाची पाटी

"थांबा, याला आधी बोलू द्या," असं म्हणत ते खापराचा तुकडा कानाशी धरायचे आणि नखाने हलकेच वाजवायचे. मगच तो कुठल्या भांड्याचा ते ठरायचं. जयपूरच्या एका संग्रहालयात मी वस्तूंच्या पाट्या लिहायला लागले, तेव्हा माझ्याशी मराठीत भांडणारे तिथे ते एकटेच. मूळचे वर्ध्याचे. काम, फुटकी भांडी जोडायचं.

तुम्हीही अशा ठिकाणी शंखाच्या बांगड्या बघता, मातीच्या बैलगाडीपाशी थांबता. मागच्या रांजणाकडे कोण बघतं? तो त्यांनी तरुणपणी तुकडा तुकडा जोडून उभा केला होता. तुकडा नसेल तिथे प्लास्टर भरून मुद्दाम फिकट रंग द्यायचे. "बघणाऱ्याला कळलं पाहिजे ताई, जुनं कुठलं अन् आपलं कुठलं. नाही तर ती चोरी झाली." डबा खातानाही हेच प्रवचन. मी वैतागायचे.

निवृत्तीला महिना उरला असताना गोदामातल्या पेटीत त्यांना एक खापर सापडलं. ते त्याच रांजणाच्या खांद्याचं होतं. म्हणजे इतकी वर्षं तिथे दुसऱ्याच भांड्याचा तुकडा बसला होता, आणि तो बसवणारे हेच. त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही.

सांधा उकलायची परवानगी मिळाली नाही. रांजण फुटेल म्हणे. "मग पाटीवर एक ओळ तरी टाका," ते म्हणाले. संग्रहालयाचे साहेब हसले. "लेबल पर कोई अपनी गलती लिखता है क्या?" मी शेजारीच उभी होते. हातातली वही चाळत राहिले. माझी नोकरी कच्ची होती, आणि खरं सांगायचं तर मी भित्री.

पुढे ते जयपूरच्याच टोकाला, सीतापुऱ्यात मुलाकडे राहायला गेले आणि अर्धांगाने अंथरुणाला खिळले. फोनवर एकच प्रश्न, "पाटी बदलली का ताई?" लाजेने मी भेटायलाही जाईना.

एकदा त्यांचा आवाज फारच खोल गेलेला वाटला. मी म्हणून टाकलं, "बदलली, काका."

"वाचून दाखवा."

रांजणासमोर उभं राहून मी वाचलं, "खांद्यावरचा एक तुकडा या रांजणाचा नाही. जोडणाऱ्याची चूक."

"छान लिहिलंत," ते म्हणाले. "आता झोप लागेल."

आठवड्याने ते गेले. माझी नोकरी आता पक्की आहे. पाटी जुनीच आहे.