सदैव नाशिकला निघालेले भाऊजी

वाईन पितात कशी हे आमच्या भाऊजींनी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं, पण ती थुंकतात कशी हे त्यांनी अकोल्यातल्या अख्ख्या चौकाला शिकवलं. चहाचा कागदी कप हातात घ्यायचा, गोल फिरवायचा, त्यात नाक खुपसून डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "पाह्य, आंधी वास घ्याचा. मंग एक घोट. तोंडात खेळवाचा. अन् मंग थुकाचा." टपरीवर कुणीतरी एकदा विचारलं, "थुकाचंच हाय तं नाशकालोक काऊन जाचं बावा? इथंच थुकू ना." भाऊजींनी त्याच्याकडे असं पाहिलं, की तो बिचारा उरलेला चहा तसाच ठेवून उठला.

भाऊजी गेले त्याला बरेच दिवस झाले. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. बोलले असते, पण शोधायला फार खाली वाकावं लागतं, आणि माझी कंबर आता तशी राहिली नाही. ताईकडे पाहून मी जन्मभर त्यांना अहोजाहो केलं. इथून पुढे एकेरीवर येते. मेहुणीला तेवढा हक्क असतो.

भाऊजीचं अकोल्याला मोटरपंपाचं दुकान होतं. एका वर्षी पंपाच्या कंपनीनं कॅलेंडर पाठवलं, त्यात एका पानावर नाशिककडची द्राक्षबाग होती: हिरव्या रांगा, मागे डोंगर, पुढे टेबलावर दोन उंच ग्लास. बस, तेवढं पुरलं. वर्ष सरलं, कॅलेंडर रद्दीत गेलं, पण ते पान फ्रिजच्या वर चिकटलं ते चिकटलंच. "यंदा जाऊ," भाऊजी पाहुण्यांना पान दाखवून सांगायचा. पाहुणे दुसऱ्या वर्षी आले की पुन्हा दाखवायचा. फोडणीच्या धुरानं त्या बागेचा रंग पिवळा पडला, तरी हा गडी नाशिकला निघालेलाच होता.

खरी जायची ओढ ताईला होती, आणि ती वाईनसाठी नव्हे. आमचं घर अमरावतीजवळचं, भाजी आणि फुलं पिकवणाऱ्यांचं. बाबांनी हौसेनं विहिरीपाशी द्राक्षाचा एक वेल लावला होता. तो ताईनं जपला. पाणी तिचं, मांडव तिनं बांधलेला, पाखरं हाकलायलाही तीच. घोस यायचे ते आंबट ढाण, आम्ही तोंडं वाकडी करून खायचो आणि ताई म्हणायची, "असे वेल जिथं कोसभर असतीन, थे मले एकडाव पाहाचं हाय." लग्नानंतर तिनं दुसरं काही मागितलं नाही. दागिना नाही, साडी नाही. आणि एवढं एक मागणं कुणाच्या पदरात पडावं, तर या माणसाच्या.

"तुमी व्हा समोर, मी येतोच मांगून." हे भाऊजीचं आवडतं वाक्य. लग्नाला निघालो की हेच, बाजाराला निघालो की हेच. आपण पुढे व्हायचं आणि वाट पाहत बसायचं. बाबांना अमरावतीला दवाखान्यात ठेवलं तेव्हा ताई रडत निघाली, तिलाही हा तेच म्हणाला. आला तो बाबांना स्मशानात पोचवून आम्ही घरी परतल्यावर. अंगणात गाडी लावली, चप्पल काढली आणि विचारलं, "जेवन झालं का सगळ्याईचं?" मी त्या दिवशी त्याला पाण्याचा तांब्या नेऊन दिला, ते मला अजून सलतं.

तयारीत मात्र त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. अमरावतीला आला की बाजार पालथा घालायचा. एकदा लांब दांडीचे काचेचे ग्लास आणले. दांडी का, तर हाताची ऊब वाईनला लागता कामा नये. उन्हाळ्यात ज्या गावात नळाला गरम पाणी येतं, तिथला हा माणूस! मग काळ्या मनुका भिजवून त्यांचं पाणी ग्लासात ओतायचं आणि घरादारानं ओळीनं बसून हुंगायचं. ताईनं पनीरचे चौकोनी तुकडे करून द्यायचे, त्याला तो चीज म्हणायचा. "चेरीचा वास येऊन राह्यला का?" तो विचारायचा. चेरी त्यानं पाहिली होती ती विड्याच्या पानावर खोचलेली. ताई स्वयंपाकाचा घाम पदरानं पुसत मान हलवायची, ग्लास फिरवायची, हुंगायची, मोरीत थुंकायची. तिला वाटायचं, एवढी तयारी चालली आहे म्हणजे आता निघणारच.

निघणार कसले! एका वर्षी मुलाची बारावी, एका वर्षी पंपाचा सीझन, एका वर्षी पाय मुरगळला. एकदा तर म्हणाला, "तिकडं लय थंडी हाय म्हंतात." मला खरं कारण कळलं ते टपरीवर. मी ताईकडे गेले होते, भाऊजी मला स्टँडवर सोडायला निघाला आणि वाटेत चहाला थांबला. तिथे औषधांच्या कंपनीतला एक मुलगा बसला होता, नुकताच नाशिकची बाग पाहून आलेला. तो साधेपणानं म्हणाला, "काका, तिथं कोनी थुकत नाई. लोक मस्त पिऊन घेतात." भाऊजीचा चेहरा उतरला. मग त्यानं त्या जाऊन आलेल्या मुलालाच समजावून सांगितलं, की तू चुकीच्या बागेत गेला होतास. लोकांनी माना डोलावल्या. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अकोल्यात हा वाईनचा पंडित होता. नाशिकला गेला की तिकीट काढलेला एक साधा माणूस. पंडितपण टिकवायचं तर जायचं नाही, हा सरळ हिशेब होता. त्यात बायकोची उमर गेली तरी चालेल.

मग मी तीन तिकिटं काढली. फेब्रुवारी होता, वेलींवर माल होता. मी बडनेऱ्याला गाडीत बसले, ही दोघं अकोल्याला चढणार होती. अकोला आलं, मी दाराशी उभी. ताई नवी साडी नेसून, बॅग घेऊन उभी होती. शेजारी भाऊजी, डोक्यावर खास या ट्रिपसाठी घेतलेली हॅट, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेले ते ग्लास. बॅग नव्हती.

"दुकानात कंपनीचा मानूस येऊन राह्यला," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "तुमी व्हा समोर, मी उद्या मांगून येतो. नाई तं असं करू, आवंदा राहू दे. पुढच्या साली मस्त प्लॅनिंग करून जाऊ."

ताईचा एक पाय पायरीवर होता. मला वाटलं, संपलं, ही आता उतरणार. पण तिनं बॅग माझ्या हातात दिली, वर चढली आणि वळून म्हणाली, "या मंग मांगून." गाडी हलली. भाऊजी ग्लास छातीशी धरून उभाच राहिला. त्या हॅटमध्ये तो इतका खुळा दिसत होता की मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या दिवशी आम्ही बाग पाहिली. मागून कुणी आलं नाही. तिथल्या मुलीनं ताईपुढे ग्लास ठेवला. ताईनं तो दांडीला धरून उचलला, फिरवला, हुंगला, घोट तोंडात खेळवला आणि कडेच्या भांड्यात नीट थुंकला. मुलगी चकित होऊन म्हणाली, "काकू, तुम्हाला सगळं माहितीये की!" ताई म्हणाली, "शिकवनी झाली हाय माही, लय वर्सं." मग ती उठून वेलींच्या रांगेत गेली आणि एका घोसाखाली हात धरून उभी राहिली, जसा विहिरीपाशी धरायची. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. एका दिवसाच्या प्रवासावर होतं हे सगळं. भाऊजी समोर असता तर त्याच दिवशी माझं नि त्याचं कायमचं वाजलं असतं.

परतीला अकोला आलं तर हा फलाटावर हजर. आमच्या आधी! हॅट नव्हती. ताई उतरली, मी दारातच थांबले. बायकोला कशी आहेस विचारायचं सोडून त्यानं विचारलं, "कशी होती?"

"कोन?"

"वाईन."

"थुकली," ताई म्हणाली. "तुमीच सांगतलं होतं ना."

तिनं द्राक्षांची पेटी त्याच्या हातात दिली. त्यानं एक मणी काढला, सवयीनं नाकाशी नेला आणि मग गुपचूप खाल्ला. ताईची बॅग उचलली. "तुमी व्हा..." म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं, कारण ताई केव्हाच चालू लागली होती. गाडी सुटली तेव्हा मी दारातून वाकून पाहिलं. जिन्यावर ताई पुढे होती, आणि बॅग आणि पेटी सांभाळत भाऊजी मागून येत होता. इतकी वर्षं म्हणत आला होता, तसा, एकदाचा.